गोटेपाळीवरचा बर्फ

साहेबाले मी एकच लबाडी सांगतली. गावातले लोक दोन म्हनतात, पन दुसरी लबाडी नोयती, ते निस्तं गप्प बसनं होतं. गप्प बसन्याले लबाडी म्हनाल त अख्खं कोसमटोला गुन्हेगार निंगते.

मालगुजारी जाऊन तीन वर्सं झाली होती. धान कापून, चुरून घरी आले होते आन् मले काम नोयतं. मले काम नसलं की गावाले घोर लागते. तवाच आमच्या गावात गोटेसाहेब आला. खरं नाव मेहेंदळे. पुन्याचा मानूस, तिशीतला, लंबा, वाळला, डोक्यावर खाकी टोपी, कमरेले हातोडी. सरकारनं त्याले जमिनीचा नकाशा कराले धाडलं होतं. पटवाऱ्यावानी वरच्या जमिनीचा नाई, खालच्या. कोनत्या गावाखाली कोनता गोटा हाय, कोनता जुना, कोनता नवा, कोनाच्या बुडाखाली कोन दबलं हाय, हे तो पायी फिरून लिहून ठेवे.

तलावाजवळ आंब्याखाली त्यानं तंबू ठोकला. सामान वाहाले आमी दोघं, मी आन् कोलू. कोलू टोल्यावरचा गोंड, बोले कमी, वजन उचले जास्त. माहं त्याच्या उलटं.

साहेब दिवसभर गोटे फोडे. फोडला की भिंगातून पाहे, आन् कवा कवा जीभ लावून चाटे. पह्यल्या दिवशी कोलूनं हे पायलं आन् हळूच म्हनला, "डोमाभाऊ, याच्या घरी मीठ भेटत नसन का?" मी हासून हासून खाली बसलो. साहेब हासला नाई. तीन हप्ते मी त्याच्यासंगं फिरलो, गोष्टी सांगतल्या, नकला केल्या, एक डाव त्याच्या बुटात बेंडूक ठेवला. मानूस हासलाच नाई. बेंडूक काढून बाजूले ठेवला आन् बूट घातला. अशा मानसाचं काय कराव?

बोले मात्र चांगलं. दुपारी चहा झाला की त्याले सांगाले कोनी लागे, आन् आमी दोघंच होतो.

तो सांगे, हा देश म्हंजे तीन तुकडे हायेत. वरतं हिमालय. तो म्हने कालचं पोरगं, अजून वाढून राह्यलं. जिथी आता त्याची शिखरं हायेत तिथी पह्यले समुद्र होता. मधात गंगेचं मैदान, ते म्हंजे डोंगराचा खरवडलेला गाळ, भल्ल्या मोठ्या खड्ड्यात भरलेला. आन् खालतं आपलं हे. हे सगळ्यात म्हातारं. जुनी लादी. तिच्यावरून किती आलं, किती गेलं, लादी तिथीच.

"आणि तुमच्या या चांद्याच्या मुलखात तर," साहेब म्हने, "सगळ्या काळातले दगड एकाच पंगतीला बसले आहेत. धानोऱ्याकडे पट्ट्यापट्ट्यांचा दगड, तो आजोबा. राजुऱ्याकडे चुनखडी, म्हणजे जुन्या समुद्राचा तळ. मग जमीन फाटली. वर्धा नदीपासून गोदावरीपर्यंत लांबच लांब भेग पडली, ती खचली, आणि त्या खोऱ्यात बर्फ आला."

"बर्फ? चांद्यात?"

"चांद्यात."

"साहेब, चांद्यात वैशाखात कावळा झाडावरून खाली पडते."

"तेव्हा वैशाख नव्हता, डोमाजी. नदीसारखा सरकणारा बर्फ होता. वाटेतले दगड उचलायचा, घासायचा, आणि दूर नेऊन चिखलात टाकायचा. म्हणून चांद्याजवळ एकाच चिखलात गावोगावचे दगड सापडतात. नाना जातींचे, नाना रंगांचे."

"म्हंजे वऱ्हाडी," मी म्हनलं. हासला नाई.

"त्या बर्फावर पुढे जंगल वाढलं. ते दबून कोळसा झाला. आणि शेवटी पश्चिमेकडून तापलेला काळा रस वाहत आला, थंड झाला. वरोऱ्याकडचा काळा दगड तो. या मधल्या सगळ्या थरांना आम्ही गोंडवन म्हणतो. जगात कुठेही असे थर सापडले तरी नाव हेच."

कोलूनं मान वर केली. "कोनाले इचारून?"

कोलूनं मंग दोन दिवस अर्धंच सामान उचललं. म्हने, अर्ध्या जगाले ज्याचं नाव हाय, त्यानं पेटी काऊन उचलाव?

साहेबाचं घोडं अडलं होतं ते या बर्फावर. त्याच्या मोठ्या साहेबाच्या नकाशात बर्फाची हद्द आमच्यापासून पंधरा कोस पश्चिमेले संपत होती. ह्याच्या मनात बसलं होतं की बर्फ त्याच्याही अलीकडं आला असन, फक्त कोनाले दिसला नाई. दोन हिवाळे तो हेच धुंडून राह्यला होता. तशा मिसळीचे गोटे चिखलात भेटले की नकाशा बदलला, आन् नकाशाखाली त्याचं नाव.

आता आमच्या गावची एक रीत सांगतो, नाईत पुढचं समजनार नाई. कोसमटोल्यात नवी नवरी आली की माहेरचा एक गोटा घेऊन येते. घरात पाय ठेवन्याच्या पह्यले तलावावर जाते आन् पाळीच्या, म्हंजे बांधाच्या, उगवतीच्या टोकाले, जिथी पाळ टेकडीले भिडते, तिथी आपल्या हातानं तो गोटा चिखलात दाबते. तलाव बांधला तवा तेच टोक घडी घडी फुटत होतं म्हने, तवापासून ही रीत. त्या जागेले आमी गोटेपाळ म्हनतो. बाई मेली की गोटा तिथीच राह्यते, वरून दरसाल तलावाचा गाळ टाकतात, गोटा खाली जाते, वरतं नव्या सुनायचे. आन् बाईनं नवरा सोडला त ती आपला गोटा उचलते आन् निंगते. दुसऱ्या मानसानं तिले ठेवून घेतलं त तो मानूस येऊन तिचा गोटा उचलते, मंग ती त्याची. कागद नाई, कोर्ट नाई, गोटा.

एक दिवस साहेब पाळीवरून चालत चालत त्या टोकाले पोचला आन् खुट्टा ठोकल्यावानी उभा राह्यला. बसला. चिखल बोटानं उकरला. एक पट्ट्याचा गोटा, त्याच्या बाजूले चुनखडी, तिच्या बाजूले लोखंडाचा जड लाल-काळा, त्याच्या बाजूले पांढरा गारगोटा.

"डोमाजी," तो म्हनला, "हे टोक बांधलेलं आहे, की टेकडीच पुढे आली आहे?"

इथी ती एक लबाडी. मी म्हनलं, "टेकडीचंच शेपूट हाय साहेब. मानसाचा हात नाई लागला."

काऊन म्हनलं? असंच. तीन हप्त्यात पह्यल्यांदा त्या मानसाच्या तोंडावर कायतरी हाललं होतं, आन् मले पाहाचं होतं ते कुठीपावतर जाते. गेलं ना! साहेब हासला. दात दिसले. एक दात सोन्याचा होता, हे तवा माहीत झालं. कोलूनं माह्याकडं पायलं. मी आभाळाकडं पायलं.

साहेबानं कंबरभर खड्डा केला. ते टोक गावापासून दूर, कोनाले दिसलं नाई. खालीही गोटे. त्याच्या खालीही गोटे. मेलेल्या बायायचे, पन त्याले काय माहीत? त्रेचाळीस गोटे उचलले, एकेकावर पांढऱ्या रंगानं आकडा टाकला आन् पेट्यायत घातले. त्यातले दोन-तीन मात्र तो हातात घेऊन लई वेळ पाहे, आन् पेटीत नाई, खाटेखालच्या बिस्कुटाच्या डब्यात टाके. डब्यातला एक माह्या बायकोचा होता, बाकीचे मेलेल्या बायायचे. गोकुळाचा. तिचा बाप जंगलखात्यात गार्ड, अहेरीच्या पुढं सिरोंच्याच्या वाटेवर राहे. तिकडचा तो गोटा दिसाले लाकडावानी, साल, रेषा, सगळं, पन उचला त गोटा. मी इचारलं, "हा काऊन डब्यात साहेब?" म्हने, "हा वरून घसरून आलेला असेल." मी गप्प बसलो. हेच ते गप्प बसनं.

इथपावतर सगळं मजेचं होतं. मंग साहेबानं सांगतलं की पुढच्या सोमवारी त्याचे मोठे साहेब येनार. संगं वीस मजूर. त्यायले छेद दाखवाचा हाय.

"छेद म्हंजे?"

"पाळीच्या या टोकाला वरपासून खालपर्यंत उभा चर. बर्फाचे थर नीट दिसतील. नंतर बुजवून टाकू."

तलाव तवा तुडुंब होता. त्या टोकाले चर म्हंजे तलावाच्या गळ्याले सुरी.

हे केवळरामाच्या कानावर गेलं. केवळराम ढिवर, तलावाच्या काठावर अकरा घरं त्यायची. त्यायले जमीन नाई. डोंगा, जाळं आन् तलाव, संपलं. मरळ, बोटरी, शिंगाडा, वर्साचं पोट ह्याच पान्यावर. पानी गेलं त मासोळ्या चार दिवसात चिखलात मरनार, आन् पुढच्या पावसापावतर अकरा घरं काय खानार? केवळराम सकाळीच माह्या आंगनात आला. बसला नाई.

"डोमाभाऊ, तू साहेबाले टेकडी म्हनलं का?"

"गंमत केली बा."

"मंग आता गंमत वापस घे."

पह्यले मालगुजार होता. त्याच्या पायावर डोकं ठेवता आलं असतं. आता तलाव सरकारचा झाला, आन् सरकारले पाय कुठी हायेत? परवानगीचा कागद साहेबाच्या खिशात होता. आमी दोघं तंबूत गेलो. केवळरामानं हात जोडून सगळं सांगतलं, नवरीची रीत, माहेरचा गोटा, सगळं. साहेबानं ऐकून घेतलं.

"केवळरामजी, तुमचा तलाव आहे, तुम्हाला काळजी वाटते, मला कळतं. पण कमरेइतक्या खोल दगड आहेत. कोणती नवरी लग्नाच्या लुगड्यात कमरेइतका खड्डा खणते?"

केवळराम म्हने, "गाळ टाकतो साहेब, वरून..."

"आणि डोमाजींनी तर आधीच सांगितलं, टेकडी आहे म्हणून. डोमाजी?"

"मी लबाड बोललो साहेब."

साहेब मायेनं हासला. सोन्याचा दात. "चर खणणार म्हटल्यावर लबाडी झाली का? मित्रासाठी बोलताय, चांगलं आहे." आन् माह्या पाठीवर थाप मारली. पंचेचाळीस वर्सात मी कितीक लोकायले फसवलं, पन खरं बोललो आन् कोनी मानलं नाई, असं त्याच दिवशी झालं.

बाहेर आल्यावर केवळराम पाळीवर जाऊन बसला, पान्याकडं पाहत. मोठा मानूस, चाळिशीचा, आन् त्याचे पाय हालून राह्यले होते, लहान लेकरावानी.

मी ठरवलं, खरं चालत नाई त आपलंच हत्यार काढाव. सरळ घाटावर गेलो. बाया धुनं धूत होत्या. मधात रुखमाबाई, केवळरामाची माय, साठ वर्सापासून कोसमटोल्यात, गावातल्या सगळ्या बायायची सरदार.

"रुखमाबाई, राम राम. मी तुमाले सांगाले आलो की तुमी आता कोसमटोल्याच्या नाई."

"काय बरळतं रे डोमा?"

"तुमचा गोटा उचलला. साहेबानं. आकडा टाकून पेटीत ठेवला. एकवीस लंबर तुमचा."

मोगरी थांबली. सगळ्याच थांबल्या.

"एकटा माहा?"

"त्रेचाळीस."

रुखमाबाईनं मनात हिसाब केला. जित्या बाया गावात छत्तीस, बाकी मेलेल्या. "म्हंजे त्या मुड्द्यानं अख्खं गाव ठेवून घेतलं का?"

"रीत काय म्हनते ते तुमीच सांगा. मी अडानी मानूस."

रुखमाबाईले हासू आलं, पन तिनं ते पदरात धरलं. मी काय करून राह्यलो ते तिच्या ध्यानात आलं होतं. बाकीच्यायच्या आलं का नाई, मले माहीत नाई, पन दुपारपावतर छत्तीस बाया गाठोडे घेऊन आंब्याखाली तंबूसमोर बसल्या होत्या. कोनाच्या कडेवर लेकरू, कोनाच्या डोक्यावर कोंबड्याची टोपली. माही गोकुळाही त्यात. तिनं मले ओळख देल्ली नाई.

साहेब बाहेर आला. "काय झालं? काय पाहिजे?"

रुखमाबाई उठली. "आमचं जेवन कुठी हाय?"

"जेवण?"

"तुमी आमाले घरून उठवलं. आता पोसा. मी म्हातारी हाय, मले भात मऊ लागते. ह्या चौघी नव्या हायेत, ह्यायले लुगडे लागन."

"मी? मी कुणाला... डोमाजी! काय चाललंय हे?"

मी रीत सांगतली. आता मात्र एक शब्दही वरचा नाई, खालचा नाई. साहेबाचं तोंड लाल झालं, मंग पांढरं झालं. पुन्याले त्याची एक बायको होती, तिचं पत्र दर हप्त्यात ये.

तवरक नवरेही आले. इसरू म्हनला, "साहेब, ठेवाचं असन त ठेवा, पन भात कोन रांधन ते सांगा." पत्रू मांगून बोंबलला, "माही ठेवाच साहेब, वापस नका करू!" त्याच्या बायकोनं कोंबड्याची टोपली खाली ठेवली आन् चप्पल शोधाले लागली, पन तिच्या पायात चप्पल नोयती.

साहेब गोंधळ थांबाची वाट पाहत उभा राह्यला. मंग हळूच म्हनला, "प्रत्येकीला आपला दगड ओळखता येतो?"

"काऊन नाई येनार?" रुखमाबाई म्हने. "लेकरू ओळखत नाई का मानूस?"

साहेबानं कोलूले पेट्या आनाले सांगतलं. गोटे मांडले. आन् मंग जे झालं ते पाहाले पायजे होतं. पह्यली बाई आली, चुनखडीवर हात ठेवला. साहेब तिच्या तोंडाकडं न पाहता म्हने, "राजुऱ्याकडचं माहेर." बाई म्हने, "राजुऱ्याच्या पुढं दोन कोस." दुसरी. लोखंडाचा गोटा. "लोहाऱ्याकडचं?" "हाव." तिसरी, पट्ट्याचा. "धानोरा." "धानोऱ्याच्या मांगं, जंगलात." पांढरा गारगोटा. "वैरागड?" "तुमाले कसं माहीत?" ती घाबरलीच. दहाव्या बाईपावतर साहेबाचा आवाज बारीक होत गेला. विसाव्या बाईले त्यानं इचारलंच नाई, निस्तं गोटा तिच्या हातात देल्ला. बर्फानं आनलेले गोटे कोन्या गावचे ते कोनी सांगू शकते का? आन् इथी एकेका गोट्याची माय समोर उभी होती.

शेवटी गोकुळा. तिनं पेट्या पायल्या, जमिनीवर पायलं. "माहा नाई यात."

साहेब पेटीचं झाकन लावाले लागला.

"माहा गोटा लाकडावानी होता. अहेरीकडचा. कुठी हाय?"

साहेब तंबूत गेला. बिस्कुटाचा डबा घेऊन आला. तो लाकडावानी गोटा त्यानं बाहेर काढला, पन तिले देल्ला नाई. खाटेवर बसला.

"हे एकेकाळी झाड होतं," तो म्हनला, कोनाले म्हनत होता माहीत नाई. "गाळाखाली दबून दगड झालं. बर्फ गेल्यावर फार फार काळानं हे झाड उगवलं. बर्फ आला तेव्हा हे जगात नव्हतंच. मग बर्फानं आणलेल्या चिखलात ते कसं असेल?" मंग त्यानं टोपी काढली. "पहिल्याच दिवशी हा दगड हातात आला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही होतं."

केवळराम पाळीवरून उतरून दूर उभा होता.

"मंग चर नाई ना?" रुखमाबाईनं इचारलं.

साहेबानं मान हालवली, पन ती हो नोयती, नाईही नोयती. "मी नको म्हटल्यानं आता भागणार नाही. मोठ्या साहेबांना मी चार पानं लिहिलीत, बर्फ सापडला म्हणून. ते निघाले आहेत. ब्रह्मपुरीला मुक्काम, सोमवारी इथे. आता 'चूक झाली' असं लिहिलं तर म्हणतील, गावकऱ्यांना घाबरला. ते चर खणून बघणारच. बर्फ नसेलही, पण पाणी जाईल." त्यानं गोटा हातात फिरवला. "हा दगड मात्र त्यांनी पाहिला, तर कुदळ लावणार नाहीत. यावर वाद नाही. बाकी कुठल्याही दगडावर वाद होऊ शकतो, यावर नाही. पत्रासोबत हाच पाठवावा लागेल."

सगळे गोकुळाकडं पाहाले लागले. तिचा गोटा गेला म्हंजे ती कोसमटोल्याची राह्यली नाई.

"वापस येईन का?" तिनं इचारलं.

"सरकारी कपाटात गेलेला दगड परत येत नाही," साहेब म्हने.

गोकुळानं केवळरामाकडं पायलं. तो तिले म्हनला नाई की दे. त्यानं तलावाकडंही पायलं नाई, मान खाली घातली होती, आन् त्याच्या मांगं अकरा घरचे लोक उभे होते. मंग गोकुळानं माह्याकडं पायलं.

"टेकडी हाय म्हनून कोनं सांगतलं होतं साहेबाले?"

"मी," मी म्हनलं.

"जोरात."

"मी सांगतलं!"

"अखीन जोरात. पत्रूभाऊले ऐकू येत नाई."

पत्रूले चांगलं ऐकू येते. तरी मी बोंबललो. छत्तीस बाया हासल्या, त्यायचे नवरे हासले, कोलू हासला, तो त हासतच नाई कवा. साहेबही हासला, पन दात नाई दिसला.

"घेऊन जा साहेब गोटा," गोकुळा म्हने. "पन गोटेपाळीवर माहा गोटा नाई तवरक मी याच्या घरची नाई. रुखमाबाई, मले तुमच्या घरी जागा द्या."

"ये बाई," रुखमाबाई म्हने. "मासोळी खाऊन मोठी होशीन."

तिचं वय चाळीस होतं.

साहेबानं त्या दिवशी मोठ्या साहेबाले एकच पान लिहिलं. त्यात काय होतं, मले माहीत नाई. लिहिताना तो तीनदा उठला, पाळीपावतर जाऊन आला. मंग गोटा फडक्यात बांधला आन् कोलू तो घेऊन ब्रह्मपुरीले निंगाला, कोलूनं वजन पुरं उचललं. दुसऱ्या दिवशी साहेब गोटेपाळीवर गुडघ्यावर बसला. रीत अशी की ज्यानं उचलला त्यानंच ठेवाव. एकेक बाई येऊन जागा दाखवे, "इथी नाई, जराशी डावीकडं," आन् साहेब चिखलात गोटा दाबे. मेलेल्या बायायचे सात गोटे त्यानं सगळ्यात खाली, खड्ड्याच्या तळाशी ठेवले आन् वरून गाळ लोटला. दुपारपावतर त्याचे कपडे ढिवरायच्या कपड्यावानी झाले. नवरे आपापल्या बाया घेऊन घरी गेले. पत्रूही.

सोमवारी कोनी आलं नाई. मंगळवारी एक चपराशी चिठ्ठी घेऊन आला. साहेबानं वाचली, घडी घातली, खिशात ठेवली. चर रद्द. साहेबाले दुसऱ्या जिल्ह्यात जाचं होतं. जाताना त्यानं मले इचारलं, "डोमाजी, तुम्ही टेकडी का म्हणालात?"

"तुमी हासत नोयते म्हनून."

त्यानं थोडा विचार केला. "बेडूक चांगला होता," म्हने, आन् जीपीत बसला.

केवळरामानं त्याच हप्त्यात मोठं जाळं टाकलं. मरळ निंगाल्या हाताएवढ्या. त्यानं एक मले आनून देल्ली, आन् भाजी रांधाले माह्या घरी कोनी नाई हे त्याले ठाऊक होतं. मरळ माह्या हातात ठेवून तो उभा राह्यला.

"गोकुळाच्या माहेराले चार दिवसाचा रस्ता हाय," तो म्हनला. "आता निंगशीन त होळीच्या पह्यले येशीन."

मरळ मीच जाळली. मीठ विसरलो. मंग निंगालो.

अहेरीच्या पुढं सासऱ्याच्या गावी पोचलो तवा म्हातारा बाजेवर बसला होता. जंगलखात्यातून सुटला होता पन खाकी सुटली नोयती. सगळं ऐकून घेतलं. मंग मले नदीच्या काठावर घेऊन गेला. तिथी तसले लाकडाचे गोटे पडलेच होते, बोटाएवढे, मनगटाएवढे. मी एक बारकासा उचलला.

"तो नाई," सासरा म्हने.

"मंग?"

त्यानं काठीनं दाखवला. माह्या मांडीएवढा. "पह्यल्या वेळी मी लहान देल्ला होता. चूक झाली माही."

तो गोटा डोक्यावर घेऊन, खाली चुंबळ ठेवून, मी अहेरीपावतर पायी आलो. वाटेत दोन डाव बसलो, एक डाव पडलो. अहेरीले बाजाराचा दिवस होता, मोटर भरून गेली होती. कंडक्टरनं दरवाजात मले अडवलं.

"डोक्यावर काय हाय?"

"बायको."

त्यानं गोट्याकडं पायलं, माह्याकडं पायलं, माह्या मानेवरून गळनारा घाम पायला.

"मंग तिकीटं दोन लागन."

मी दोन घेतले.